आपोआप म्हणणाऱ्यांचा जिना

हुमनाबादच्या बस स्टँडसमोरच्या खांबावर सरांचा फ्लेक्स लागला होता. कुठल्या तरी ओळखपत्रावरचा फोटो ओढून मोठा केलेला, त्यामुळे चेहरा धुरकट होता. कपाळावरची विभूती तेवढी ठळक दिसत होती. खाली कन्नडमध्ये आणि मराठीत मजकूर होता. मराठीत लिहिलं होतं, 'आमच्या गुरुवर्यांचे आकस्मिक निधन.'

माझा राग त्या शब्दावर आहे. आकस्मिक. या माणसानं आयुष्यभर हा शब्द आणि त्याचे सगळे भाऊबंद, अचानक, आपोआप, एकदम, काय झालं कळलंच नाही, क्लासच्या दारातून आत येऊ दिले नाहीत. आणि मेल्यावर त्याच्याच फोटोखाली तो छापला. मी फ्लेक्सवाल्याला जाऊन विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "अक्का, म्हातारं माणूस असलं की दुःखद, मधल्या वयाचं असलं की आकस्मिक. तसा साचाच हाय."

सरांनी त्याला जिन्यात उभं केलं असतं.

तो जिना सांगायला हवा. खताच्या दुकानावरच्या माडीवर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि क्लासच्या मागच्या खोलीत ते एकटे राहत. वर जायला एकच अरुंद जिना. एका माणसानं उतरायचं ठरवलं की दुसऱ्यानं भिंतीला चिकटायचं. क्लासमध्ये कुणी 'आपोआप' म्हणालं की त्यानं उठायचं, जिन्यात जाऊन उभं राहायचं, आणि सरांनी "आत ये" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. वय, हुद्दा, बाई, पुरुष काही बघितलं जात नसे. बँकेतले कारकून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. खताच्या पोत्यांचा वास घेत, खालून येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या नजरा चुकवत.

एकदा पोलीस ठाण्यातले जमादार शिकायला आले. ठाण्यात नवीन कॉम्प्युटर आला होता आणि तो चालवायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, "सर, हे आपोआपच बंद पडलं बघा."

सर उठले. "जमादार, एखादं मढं सापडलं तर तुमी ठाण्यात असं लिहिता का? आपोआप मेला?"

"लिहितो की, सर," जमादार प्रामाणिकपणे म्हणाले.

आम्ही इतके हसलो की सरांना काही क्षण बोलताच आलं नाही. मग त्यांनी दाराकडे बोट केलं. जमादार टोपी काखेत घेऊन जिन्यात गेले. त्यांना आत बोलावताना सर ओरडले, "आपोआप दूध तरी नासतंय का? कुणीतरी उघडं ठेवलेलं असतंय! त्याचं नाव शोधायचं!"

सरांना शांत असं मी कधी पाहिलं नाही. "या, बसा" हेसुद्धा ते भांडण उकरल्यासारखं म्हणत. मूळचे चिटगुप्प्याचे, घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि राग फार चढला की दख्खनी. गळ्यात लिंग, अंगात बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट. आधी ते टायपिंगचा क्लास चालवायचे. टाइपरायटरचे दिवस संपले तसे हैदराबादहून कॉम्प्युटर आणून स्वतःच उघडून, जोडून, जाळून शिकले. पण एक टाइपरायटर त्यांनी ठेवून घेतला होता आणि कामाचं काहीही लिहायचं तर ते त्याच्यावरच बडवत. क्लासमध्ये टेबल फॅन एकच होता आणि त्याचं तोंड कायम मशिनींकडे. उन्हाळ्यात कुणी तो आपल्याकडे वळवला तर सर म्हणत, "तुला गरम व्हायलंय हे तू सांगू शकतोस. त्याला तोंड हाय का?"

बाकीचे क्लासवाले पत्र टाइप करायला आणि तक्ते काढायला शिकवायचे. आमचे सर तेही शिकवायचे, पण त्यांचा जीव नोंदींमध्ये होता. यंत्र चालू असताना आतल्या आत स्वतःची रोजनिशी लिहीत असतं. कधी उठलं, कुठला भाग रुसला, कोणी बंद केलं. सिस्टम लॉग म्हणतात त्याला. एरवी कुणी तिकडे फिरकत नाही. सरांच्या क्लासमध्ये पहिला धडा तोच.

"बंद पडणं तीन जातीचं असतंय," ते खडू आपटत सांगायचे. "सांगून गेला, कुणी धाडला, न्हाईतर पडला. सांगून गेला म्हणजे तुमी नीट बंद केलं. कुणी धाडला म्हणजे आतल्या एखाद्या प्रोग्रामानं हुकूम दिला. आणि पडला म्हणजे पडला. पहिल्या दोघांची नोंद जातानाच होती. पडलेल्याची कवा होती?"

मग स्वतःच पुढे सांगायचे.

"मेलेला माणूस सोताच्या मरणाचं लिहितो का? पुन्हा चालू झाल्यावर लिहितंय ते. मागच्या बारीला मी नीट गेलो नव्हतो, म्हणून. आणि ती लाल ओळ दिसली की तिच्यावर डोळे लावून बसायचं न्हाई. तिच्या आधीच्या पिवळ्या ओळी वाचायच्या. पडणारा आधी सांगत असतोय. ऐकणारा बहिरा असतोय."

त्या वर्षांत आमच्या भागातली पोरं हैदराबादला, पुण्याला जायला लागली होती. क्लासमधलं कुणी दिसेनासं झालं की सर त्याच्या मित्राला विचारायचे, "सांगून गेला, का कुणी धाडला, का पडला?" लोक त्यांना वेडं समजत. मला तेव्हाही तो प्रश्न वेडा वाटला नाही.

मी हुमनाबादजवळच्या दुबलगुंडीची. आजोबांचा मेंढरांचा मोठा कळप होता. अप्पांच्या वाट्याला थोडी कोरडवाहू जमीन, हातावर मोजण्याइतकी मेंढरं आणि दुसऱ्याच्या रानातली मजुरी आली. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. शेवटच्या वर्षाला घरात माझ्या लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा सरांनी निरोप धाडला, 'पोरीचं शिक्षण अर्ध्यात बंद करणारा कोण, त्याचं नाव कळवा.' चुलत्यांपासून मामांपर्यंत कुणीही स्वतःचं नाव कळवायला तयार झालं नाही. मी पदवीधर झाले. हे उपकार मी विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

सरांच्या शिफारशीवर मला गुलबर्ग्याच्या एका संस्थेत काम लागलं. गावोगावच्या शाळांत जायचं, शाळा सोडून गेलेल्या मुलांची माहिती घ्यायची, ती थोडी तिथंच आणि बाकीची घरी बसून लॅपटॉपमध्ये भरायची आणि ठरलेल्या वारी गुलबर्ग्याला नेऊन द्यायची. लॅपटॉप संस्थेचा. आमच्या गल्लीत असं यंत्र आलेलं ते पहिलंच. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. अप्पांनी पत्र्याच्या पेटीवर घोंगडी चौघडी करून अंथरली आणि म्हणाले, "हितं बसीव."

आमच्यात घोंगडी म्हणजे नुसतं अंथरूण नव्हे. देव बसतो तो घोंगडीवर. नवरानवरी बसतात, पाहुणा बसतो. घरात मानाचं जे जे येईल ते उघड्या भुईवर ठेवायचं नाही. मी जेवायला उठले की अप्पा घोंगडीचं एक टोक त्या लॅपटॉपवर पांघरत. "धूळ बसंल," म्हणत.

आणि तो लॅपटॉप बंद पडायला लागला. भरता भरता पडदा काळा. भरलेली माहिती गेलेली. मी पुन्हा भरायचे, तो पुन्हा जायचा. ठरलेल्या वारी अर्धवट काम घेऊन गेले की साहेब, म्हणजे आमचे वरचे अधिकारी, चष्म्यावरून बघायचे. ते कन्नडमध्ये बोलत. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "बटण दाबून बंद करायचं आणि माहिती उडाली म्हणायचं. ही युक्ती जुनी आहे. तुम्ही शाळांत जातच नसणार." मग लॅपटॉप कशानं बंद पडतो ते कुणाकडून तरी लिहून आणायला सांगितलं, नाहीतर घरी बसा.

कामचुकार म्हटलं असतं तर मी गिळलं असतं. त्यांनी मला खोटारडी म्हटलं. उन्हातान्हात मुडबीपर्यंतच्या शाळा पालथ्या घातलेल्या मला. मी थेट बस धरून सरांकडे गेले.

"सर, ह्यो लॅपटॉप..." एवढं बोलून मी तो शब्द गिळला. सर वाटच बघत होते.

त्यांनी नोंदी उघडल्या. लॅपटॉप त्यांच्याही क्लासमध्ये नव्हता, पण नोंदी त्याच. बराच वेळ वाचत राहिले. मग एका लाल ओळीचा तपशील उघडून म्हणाले, "हे बघ तंगी." तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. "बटण दाबून धरलं असतं तर त्याची वेळ हितं आली असती. हितं शून्य हाय. सगळ्या लाल ओळींत शून्य. तू बटण दाबलेलं न्हाईस. तो साहेब चूक बोलायलाय."

माझे डोळे भरून आले. सर लगेच चिडले. "रडायलीस कामून? अजून अर्धंच झालंय!"

लाल ओळींच्या आधी पिवळ्या होत्या. उष्णता वाढली म्हणून प्रोसेसरची गती कमी केली, अशा. "चढावर बैल आधी चाल कमी करतोय, मग बसतोय," सर म्हणाले. मग त्यांनी पडण्याच्या वेळा माझ्या फिरतीशी ताडून पाहिल्या. "शाळेत पडत न्हाई. हितं टेबलावर पडत न्हाई. तुझ्या घरीच पडतंय. घरी कशावर ठेवतीस?"

मी सांगितलं.

सर उठून खिडकीपाशी गेले. लॅपटॉप उलटा करून त्यांनी मला खालच्या फटी दाखवल्या. "ह्याचं नाक हितं हाय," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "आपल्या मशिनी बाजूनं श्वास घेत्यात. हे खालनं घेतंय."

मग टाइपरायटर पुढे ओढून त्यांनी कन्नडमध्ये लिहायला सुरुवात केली. मी शेजारी उभी राहून वाचत होते. वापरणाऱ्या व्यक्तीने बटण दाबून यंत्र बंद केलेले नाही. यंत्र तापून बंद पडले. इथपर्यंत माझा जीव भांड्यात पडत होता. पुढे त्यांनी लिहिलं, यंत्र लोकरीच्या घोंगडीवर मानाने ठेवले होते, त्यामुळे खालची हवा अडली. हवा खालून लागते हे वापरणाऱ्या व्यक्तीला तिच्या शिक्षकाने शिकवले नव्हते. तो शिक्षक मीच.

"सर, घोंगडीचं काढा," मी म्हटलं. "तापलं एवढंच ऱ्हाऊ द्या. ते खोटं तर न्हाई ना?"

"न्हाई. पर अर्धं हाय."

"सर, माझी नोकरी हाय ही."

"एक ओळ काढली तर बाकीच्या ओळींवर कोण इश्वास ठेवील?" ते ओरडले. "तू खोटारडी न्हाईस हे ह्या कागदात हाय. घोंगडी बी ह्याच कागदात हाय. न्यायचं तर दोन्ही ने, न्हाईतर कागद ठेवून जा!"

मी तो कागद नेला.

साहेबांनी तो आधी मनात वाचला. मग हसू आलं म्हणून मोठ्यानं वाचला. सगळा नाही. घोंगडीची ओळ वाचली, 'मानाने' या शब्दावर थांबून शेजारच्या टेबलाकडे बघितलं, आणि तिथली माणसं हसली. "उद्या कोंबडीखाली उबवायला ठेवतील," कुणीतरी म्हणालं. शिक्षकाची ओळ साहेबांनी वाचलीच नाही. ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. कागद त्यांच्या हातात होता, पण मला तिची जागा माहीत होती, आणि त्यांची नजर तिच्यावरून घसरत गेलेली मी पाहिली. ज्यानं मला यंत्र दिलं त्यानं ते कसं ठेवायचं हे सांगितलं नव्हतं. त्याबद्दल त्या खोलीत एक शब्द निघाला नाही. खोटेपणाचा आरोप मागे घेतला, आणि निष्काळजीपणाबद्दल मला काढून टाकलं.

आज इतक्या वर्षांनी मी हे लिहिते आहे आणि अजून कान तापतात.

मी परत हुमनाबादला उतरले ती सरळ माडीवर. भर क्लासमध्ये सरांना बोलले. "तुमची नोंद पुरी झाली ना? माझ्या बापाच्या घोंगडीवर हापीस हसलं. तुमच्या बापाच्या कशावर कुणी हसलं असतं म्हणजे कळालं असतं."

पोरं माना खाली घालून बसली. सरांसमोर असं कुणी बोललेलं नव्हतं.

"कोण हसलं?" सर म्हणाले.

"सगळे."

"सगळे कवाच नसत्यात! पहिलं कोण हसलं?"

मी जिना उतरले.

त्याच आठवड्यात दुपारच्या बसनं सर दुबलगुंडीत आले. मी भाकरी थापत होते. अंगणात त्यांचा आवाज आला तशी मी पिठाच्या हातांनीच दारात आले. नोकरी का गेली हे मी घरी सांगितलं नव्हतं. काम संपलं, एवढंच म्हटलं होतं. अप्पांच्या हातून ते झालं हे अप्पांना कळू नये, एवढीच माझी इच्छा होती. आणि आलेला माणूस कोण, तर ज्याला अर्धं सांगता येत नाही तो.

अप्पांनी तीच घोंगडी अंथरली. सर बसले आणि बसता बसता तळहात घोंगडीखाली घालून पाहिला. "वारा बिलकूल लागत न्हाई," ते स्वतःशी म्हणाले. मी दारातून मान हलवून नको नको म्हणत होते. त्यांनी पाहिलं. मग अप्पांना सगळं सांगितलं. फटी, उष्णता, कागद, आणि हापिसातलं हसणंसुद्धा.

अप्पा घोंगडीची दशी बोटांत फिरवत राहिले. मला वाटलं, आता हे कोसळतील.

"असं व्हय," ते म्हणाले. "कोकरू बी घोंगडीत गुंडाळताना नाक उघडं ठेवावं लागतंय. न्हाईतर गुदमरतंय. त्याचं नाक खाली हाय हे मला कुणी सांगितलं न्हाई."

"मी सांगायला पायजे होतं, अण्णा," सर म्हणाले. "माझ्याकडनं ऱ्हायलं."

"मशीन मेलं का मग?"

"न्हाई. जितं हाय. टेबलावर ठेवलं की झकास चालतंय."

अप्पांनी मान वर केली. त्यांचा आवाज चढलेला मी फार क्वचित ऐकला होता. "मशीन जितं हाय. पोरगी खरी हाय, तुमीच लिहून दिलंय. मग पोरीची नोकरी कामून गेली?"

सरांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

"ते नोंदीत न्हाई, अण्णा," ते म्हणाले.

"मग ते बी लिवायचं की कुठंतरी," अप्पा म्हणाले, आणि मला भाकरी वाढायला सांगितलं.

पुढे मला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायचं काम मिळालं. सरांशी माझं बोलणं आठवडाभरसुद्धा बंद राहिलं नाही. त्यांच्याशी अबोला धरणं अवघड होतं, कारण ते येऊन भांडत. पण क्लासमध्ये एक बदल झाला. कुणीही बंद पडणारं यंत्र घेऊन आलं की सर आधी विचारत, "कशावर ठेवता?" आणि उत्तर ऐकून बाकी कुणी हसलं, तर हसणारा जिन्यात. उत्तर देणारा आत, खुर्चीवर.

शेवटच्या वर्षी त्या जिन्यानं सरांनाच धरलं. वर चढताना ते मध्ये थांबायला लागले. थांबल्याचं कळू नये म्हणून भिंतीवरच्या पोपड्यांना शिव्या द्यायचे. ओरडता ओरडता वाक्य अर्ध्यात सोडून खुर्ची ओढायचे, डावा खांदा चोळायचे. मी म्हटलं, "सर, डाक्टरला दाखवा." जमादारांनी तर जीप आणून दारात उभी केली. सरांनी आम्हा दोघांनाही हाकललं. "धूळ हाय जिन्यात. खताची धूळ."

चाल कमी झालेली सगळ्यांना दिसत होती. पिवळ्या ओळी वाचायला आयुष्यभर लोकांना ओरडून शिकवणारा माणूस स्वतःचं पान उघडायला तयार नव्हता. याचाही मला राग आहे. फ्लेक्सवाल्यावरच्या रागाहून तो जास्त आहे आणि तो कुणावर काढायचा हे मला कळत नाही.

सर गेले त्या दिवशी मागच्या खोलीत त्यांना लिंगायत पद्धतीप्रमाणे बसतं ठेवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात फुलं. खोली एवढीशी, चिटगुप्प्याहून आलेल्या नातलगांनीच भरलेली. क्लासमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही बाकीचे जिन्यात उभे राहिलो. एका पायरीवर एक. बँकेतले कारकून, नोकरीला लागलेली पोरं, पोरं कडेवर घेऊन आलेल्या मुली. माझ्या मागे काठी टेकत आलेले अप्पा. सगळे हळू आवाजात एकच बोलत होते. अचानक झालं. काल तर बरे होते. एकदमच गेले.

जमादार माझ्या पुढच्या पायरीवर होते. टोपी काखेत. मागे वळून म्हणाले, "अक्का, अचानकच की..."

आणि तिथंच थांबले. त्यांनी वर दाराकडे पाहिलं, मग खाली, जिनाभर उभ्या असलेल्या माणसांकडे. मीही पाहिलं. कुणीतरी मागून विचारलं, काय झालं. जमादारांनी नुसतीच मान हलवली आणि भिंतीला पाठ लावून सरळ उभे राहिले, अगदी पूर्वी राहायचे तसे.

हळूहळू सगळा जिना गप्प झाला. आतून "आत ये" म्हणून कुणी ओरडलं नाही, आणि आमच्यापैकी कुणी जागचं हललं नाही.